रोलिंग स्टोन्सचे वय आणि आपले कान

महोदय,

‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश बँडची बातमी आपल्याकडील वृत्तपत्रांत आली, की ती बहुधा गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्या वयाभोवतीच फिरते. ऐंशी ओलांडलेली ही माणसे अजून रंगमंचावर कशी उभी राहतात आणि त्यांनी आता थांबावे की नाही, एवढ्यावर मजकूर संपतो. चाळीसहून अधिक वर्षे हे संगीत ऐकत आलेला श्रोता म्हणून मला याचे वाईट वाटते, कारण त्यात त्यांच्या वाजवण्याविषयी एक ओळही नसते.

या पावसाळ्यात मी त्यांचे अल्बम पुन्हा क्रमाने ऐकले. १९७२ सालचा ‘एग्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ मी कॉलेजात असताना मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेटवर ऐकला होता. जॅगर यांचा आवाज गिटारींच्या गर्दीत बुडालेला असे आणि शब्द अर्धेच कळत. कॅसेट घासली असावी असे समजून मी पेन्सिल घालून फीत घट्ट केली, टेपरेकॉर्डरचे हेड कापसाने पुसले, पण फरक पडला नाही. पुढे चांगली प्रत मिळाली तेव्हा उमगले, की मूळ ध्वनिमुद्रणच तसे आहे. रिचर्ड्स यांनी दक्षिण फ्रान्समध्ये भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या तळघरात, दमट उकाड्याने गिटारी वारंवार उतरत असताना, त्यातील बराच भाग मुद्रित झाला होता. आज मला त्या गढूळपणातच एका खोलीत दाटीवाटीने बसून वाजवणारी माणसे ऐकू येतात.

तेव्हा चार्ली वॉट्स यांच्या ड्रम्सकडे तर माझे लक्षही नव्हते. बहुतेक ड्रमवादक उजव्या हाताने हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमिट होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, ठेका अखंड चालू ठेवतात. वॉट्स मात्र डाव्या हाताचा आघात स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर पडताना उजवा हात उचलून घेत, त्यामुळे तो आघात एकटा आणि स्वच्छ ऐकू येई आणि ठेक्याला श्वास घ्यायला जागा मिळे. ७ एप्रिल २००३ रोजी हा बँड मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला, त्या वेळी मी गर्दीत बराच मागे उभा होतो आणि सर्वांप्रमाणे जॅगर यांची धावपळ पाहत होतो. साठी ओलांडलेल्या वॉट्स यांचे हात पाहायचे राहून गेले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ते गेल्यावर ती संधीही संपली.

खरे तर वयस्कर कलावंताला कसे ऐकावे, हे मराठी श्रोत्याला शिकवावे लागत नाही. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात एखाद्या वृद्ध ख्यालगायकाचा आवाज तारसप्तकात पोहोचेनासा झाला तरी आपण उठून जात नाही. तो काय गाळतो, कोठे थांबतो आणि समेवर किती सहज येतो, याकडे आपण कान लावून बसतो. हेच कान रॉक संगीताच्या वेळी आपण घरी का ठेवून येतो? २०१६ सालच्या ‘ब्लू अँड लोनसम’ या अल्बममध्ये या मंडळींनी ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतातील जुन्या रचना अवघ्या तीन दिवसांत मुद्रित केल्या आहेत. त्यातील जॅगर यांचा माउथ ऑर्गन तरुणपणी असा वाजला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२३ च्या ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बमचे शेवटचे गाणे तर मी सलग चार वेळा ऐकले. १९६१ साली डार्टफर्डच्या रेल्वे फलाटावर जॅगर आणि रिचर्ड्स यांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा जॅगर यांच्या काखेत अमेरिकी ब्लूज गायक मडी वॉटर्स यांची तबकडी होती. त्याच मडी वॉटर्स यांच्या ज्या गाण्यावरून बँडने नाव घेतले, ते येथे एक गिटार, एक माउथ ऑर्गन आणि एक आवाज एवढ्यावरच सादर झाले आहे. आवाजाची कड खरखरीत झाली आहे आणि ती लपवलेली नाही.

वॉट्स यांच्या जागी आता स्टीव्ह जॉर्डन बसतात. त्यांच्या हाताखाली त्याच जुन्या गाण्यांचा ठेका कसा बदलतो, हे ऐकून कोणीतरी आपल्या पुरवणीत चार परिच्छेद लिहावेत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली