खुडूक कोंबडीला उठवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली, की पहिला विचार येतो तो तिला उठवण्याचा. ती अंडी घालायची थांबते, खुराड्यातली जागा अडवते, हात पुढे केला तर पिसं फुलवून चोच मारते. फक्त अंडीच हवी असतील तर तिला उठवणं समजण्यासारखं आहे. पण ज्यांना वर्षाकाठी पंधरा-वीस पिल्लं हवी असतात, तेही खुडूक कोंबडी उठवून लहान इन्क्युबेटर विकत घेतात, तेव्हा वाईट वाटतं. यंत्राचं काम एकविसाव्या दिवशी संपतं. खरी कसरत त्यानंतर असते: पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, वीज गेली की धावपळ. कोंबडी हे सगळं पंखाखाली घेऊन करते. पिल्लांना दाणा ओळखायला आणि घार दिसताच दडायलाही तीच शिकवते.

‘बसवली होती, पण पिल्लं निघाली नाहीत’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यात कोंबडीचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा काम आपणच बसवताना बिघडवतो.

दिवसा तासभर घरट्यात दिसली म्हणजे कोंबडी खुडूक झाली असं नाही. सलग दोन-तीन रात्री दांडीवर न जाता घरट्यातच राहिली, पोटाची पिसं गळून खालची कातडी उघडी आणि गरम लागली, की ती पक्की बसली. तोवर खाली लाकडी किंवा टाकाऊ अंडी ठेवावीत. लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी निवडून काढलेल्या जाती सहसा खुडूक होतच नाहीत. देशी, कोचीन, सिल्की यांच्यावर भरवसा ठेवता येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तिला इतर कोंबड्यांच्या घरट्यातच राहू देणं. बाकीच्या तिच्याखाली रोज नवी अंडी घालत राहतात. एकवीस दिवस भरलेली अंडी फुटतात, एक-दोन दिवसांनी आई पिल्लं घेऊन उठते आणि मागाहून आलेली अंडी अर्धवट वाढलेल्या जिवांसह थंड पडतात. शिवाय दाण्यासाठी उठलेली कोंबडी परत येते तेव्हा तिच्या जागी दुसरी बसलेली असते. मग ती शेजारच्या रिकाम्या घरट्यात जाऊन मुकाट बसते आणि तिची अंडी गारठतात. म्हणून तिला वेगळी, अंधारी, हवेशीर जागा द्यावी. हलवायचं ते रात्रीच, आणि आधी खोट्या अंड्यांवर. नव्या जागेत दोन दिवस टिकली की रात्रीच खरी अंडी खाली सरकवावीत, सगळी एकाच वेळी, पेन्सिलीने खूण करून.

घरटं जमिनीवरच असावं, कारण उंचावरून पडलेलं पिल्लू पुन्हा चढू शकत नाही. लांबी-रुंदी ३५ ते ४० सेंटिमीटर पुरते. तळाला ओलसर मातीचा थर, मध्ये उथळ खोलगा, वर कोरडा पेंढा. खोलगा जास्त झाला तर अंडी एकमेकांवर चढून फुटतात, सपाट ठेवला तर घरंगळून कडेला थंड पडतात. बुरशी आलेला पेंढा अजिबात नको.

मध्यम कोंबडीखाली तिच्याच आकाराची १० ते १२ अंडी, लहानखुरीखाली ७-८. हावरेपणाने पंधरा-सोळा ठेवली तर कडेची चार थंड राहतात. आणि ती तीच चार नसतात: कोंबडी दिवसभर अंडी आत-बाहेर फिरवते, त्यामुळे आळीपाळीने सगळ्यांनाच गारवा लागतो. अंडी सात दिवसांच्या आतली, टोकदार बाजू खाली ठेवून थंड जागी साठवलेली असावीत. फ्रिजमधली, धुतलेली किंवा तडा गेलेली नकोत. तलंगांची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची, पहिली बारीक अंडीही टाळावीत. कोंबडा कळपात असून काही दिवस झालेले हवेत. आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो.

बसलेली कोंबडी दिवसातून साधारण एकदा, पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते, खाते, पाणी पिते, एक मोठी दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते आणि धुळीत लोळते. ती तास-दीड तास बाहेर राहू लागली किंवा घरटं सोडून पळाली, तर आधी पिसांच्या मुळाशी आणि पेंढ्यात उवा व तांबडे कोळी शोधावेत. हे कोळी रात्री रक्त पितात, दिवसा फटीत लपतात. अशक्त झालेली आई बसल्या जागी मरूही शकते. म्हणून बसवण्याआधीच तिला आणि खुराड्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध करावं. अक्खं धान्य आणि पाणी घरट्यापासून दोन-चार पावलांवर ठेवावं, चोचीखाली नको. न उठणारी कोंबडी घरट्यातच घाण करते. अंडं फुटलंच तर पेंढा बदलावा आणि बाकीची अंडी कोमट ओल्या फडक्याने हलकेच पुसावीत.

सातव्या ते दहाव्या रात्री टॉर्चवर अंडी पाहावीत. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. स्वच्छ पारदर्शक राहिलेलं वांझ, रक्ताचं नुसतं कडं दिसणारं मेलेलं. दोन्ही काढून टाकावीत, कारण नासलेलं अंडं घरट्यात फुटलं तर बाकीच्यांनाही ते बाधतं.

अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावू नये. या दिवसांत आई हलक्या आवाजात घुमते आणि अंड्यातून चिवचिव येते. ती ऐकत बसावी, उचलून पाहू नये. कवचाला आतून टोच पडल्यावर पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. तेवढ्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि कवचाच्या आतल्या शिरा सुकतात. घाईने कवच सोलणाऱ्यांच्या हाती रक्ताळलेलं, बेंबी उघडी राहिलेलं पिल्लू येतं. त्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं, म्हणून पहिल्या दिवशी दाणा मिळाला नाही तरी काळजी नको.

पिल्लं बाहेर आली की पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात खडे घालावेत. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य देऊ नये, त्यातल्या जास्त कॅल्शियमने पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. आई आणि पिल्लं, दोघांनाही चिक स्टार्टर हे पिल्लांचं खाद्य चालतं. जमीन कोरडी ठेवावी; ओल राहिली की रक्ती हगवण आलीच. जाळीची भोकं बारा मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत, नाहीतर उंदीर आत येतात.

एक सोय फार कमी जण वापरतात. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवाव्यात. वांझ अंडी काढल्यावर उरलेली एकीखाली मावत असतील, तर दुसरीला ताजी अंडी देता येतात, मात्र तिला एकूण चार-साडेचार आठवडे बसावं लागणार, म्हणून ती धडधाकट हवी. बाहेरून आणलेली पिल्लं द्यायची तर ती एक-दोन दिवसांची असावीत, रात्री अंधारात पंखाखाली सरकवावीत आणि उजाडताच लक्ष ठेवावं. आईने टोचा मारला तर लगेच काढावीत.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब घालून देतात. आईने उबवलेली पिल्लं काटक असतात म्हणून लस नको, हा समज कळपच्या कळप संपवतो. कुपी अनेक मात्रांची असते आणि मिसळल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते, त्यामुळे आठ पिल्लांसाठी ती कोणी फोडत नाही. आसपासच्या चार घरांनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या, तर एक कुपी सगळ्यांना पुरते.

आपला नम्र,
एक कुक्कुटपालक वाचक