तुराट्यांचा कुड आणि माशाचे तेल

परभणी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. माशाच्या तेलाचे थेंब पाण्यात पसरवून, भोवती बारीक कणांचे कवच देऊन केलेले तुझे इमल्शन महिनाभर जसेच्या तसे राहिले, तेल वर तरंगले नाही, तरीही बाटली उघडताच शिळ्या मासळीचा वास आला, याचे मला तुझ्याइतके नवल वाटले नाही. थेंब टिकणे वेगळे आणि थेंबातले तेल टिकणे वेगळे.

गेल्या वैशाखात जवसाच्या तेलाचा अर्धा कॅन मी पत्र्याखाली विसरलो होतो. झाकणाच्या आट्यांवर तेल वार्निशासारखे चिकटले होते आणि तुझ्या आईने नुसत्या वासावरून तो कॅन स्वयंपाकघराबाहेर ठेवला. करडईच्या लिनोलिक आम्लात दोन दुहेरी बंधांच्या मधोमध असलेला, हायड्रोजन चटकन सोडणारा, म्हणजे खवटपणाला वाट देणारा, कार्बन एकच असतो, जवसाच्या लिनोलेनिक आम्लात तसे 2 असतात आणि तुझ्या डीएचएमध्ये, म्हणजे माशाच्या तेलातल्या मेदाम्लात, दुहेरी बंध 6 असल्यामुळे, 5. त्यामुळे जवसाहून माशाचे तेल लवकर खवट होणार, हे ओघानेच आले.

पिकरिंग यांनी 1907 साली वर्णन केलेली, थेंबाभोवतीची कणांची तटबंदी पक्की आहे, यात वाद नाही. 100 नॅनोमीटरचा कण तेल आणि पाण्याच्या सीमेवर एकदा बसला की सहसा सुटत नाही. पण ती आपल्या आखाड्यावरच्या तुराट्यांच्या कुडासारखी आहे: जनावर आत शिरत नाही, वारा मात्र शिरतो. गोल कण कितीही दाटीने बसले तरी त्यांच्यामध्ये काही नॅनोमीटरच्या फटी राहतातच, आणि ऑक्सिजनचा रेणू तर 1 नॅनोमीटरचाही नसतो. त्यात पाण्यातले लोहाचे आयन थेंबापाशी आले, की ते तेलाला ऑक्सिजन लागून बनलेले हायड्रोपेरॉक्साइड फोडतात आणि त्यातूनच वासाचे अल्डिहाइड तयार होतात.

म्हणून कुड सारवावा लागेल. टोकोफेरॉलसारखा (म्हणजे ई जीवनसत्त्वासारखा) ऑक्सिडीकरणरोधक कणांतच भरला तर तो नेमका सीमेवर, जिथे बिघाड सुरू होतो तिथेच, हाताशी राहतो. मक्यातल्या झेईन या प्रथिनाचे कण आम्लधर्मी माध्यमात धनप्रभारित असतात, त्यामुळे ते लोहाला दूर लोटतात. हा उपाय मला अधिक पटतो, कारण त्यात वेगळे काही घालावे लागत नाही. बाटलीतल्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरणे तर तुला सुचलेच असेल.

केवळ पेरॉक्साइड मूल्यावर, म्हणजे तेलातले हायड्रोपेरॉक्साइड किती ते सांगणाऱ्या आकड्यावर, विसंबू नकोस. हायड्रोपेरॉक्साइड फुटू लागले की ते मूल्य उतरते आणि बिघडलेले तेल कागदावर चांगले दिसते. अल्डिहाइडही मोज. आणि इमल्शनसाठी पाणी कोणते वापरलेस, नळाचे की आयनमुक्त, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. ते आधी कळव.

तुझे,
बाबा