आजीची पत्रे लिहिणाऱ्या पोस्टमनकाकांस

तीर्थस्वरूप पोस्टमनकाका यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गिरणी संपाच्या वर्षी मुंबईहून आजीकडे राहायला आलेला आणि शाळा सुटल्यावर पडवीच्या पायरीवर तुमची वाट पाहत बसणारा मुलगा तुम्हांला आठवत असेलच असे नाही, कारण त्या वर्षी आपल्या कणकवली तालुक्यात अशी मुले वाडीवाडीत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो मिटण्याची चिन्हे दिसेनात तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतली कितीतरी बिऱ्हाडे गावची वाट धरू लागली. आमच्या घरात असे ठरले की वडिलांनी मुंबईतच राहून मिळेल ते काम करावे, आईने खानावळीच्या चपात्या लाटायला जावे आणि परीक्षा संपताच मला आजीकडे पोहोचवावे. मोठ्यांच्या दृष्टीने ते वर्ष वाईट होते. माझ्या बालपणातले सर्वांत सुखाचे वर्ष मात्र तेच, हे मी आईवडिलांसमोर पुष्कळ काळ बोलून दाखवले नव्हते.

ते सुख आजीचे होते. पहाटे चुलीवर उकड्या तांदळाची पेज शिजत असायची, आणि तिच्या वासानेच मला जाग यायची. राखेत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या ती ओच्यात घेऊन यायची आणि हाताला चटका बसू नये म्हणून सोलूनच माझ्या पुढ्यात टाकायची. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडण्याचे काम निघाले की सारे खळे लाल होऊन जाई. साले वाळवायची, मिठाच्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, अशी पुटे देत देत ती काळपट होईपर्यंत पावसाशी तिची शर्यत चाले, आणि आभाळ भरून आले की ती त्याच्याशी भांडे. बियाही टाकायच्या नाहीत. त्या कुटून, उकळून, वर आलेले तेल थिजले की ते पायांच्या भेगांसाठी ठेवायचे. तिला अक्षर येत नव्हते, पण नारळाच्या पाड्याचा हिशेब ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवीत असे, आणि त्या हिशेबात व्यापाऱ्याला तिने कधी वरचढ होऊ दिले नाही.

हे सगळे आज इतके स्वच्छ आठवते याचे श्रेय माझ्या स्मरणशक्तीला नाही, तुम्हांला आहे, आणि म्हणूनच हे पत्र.

टपाल वाटणे हे तुमचे काम होते. वाचून दाखवणे आणि उत्तर लिहून देणे हे तुमचे काम नव्हते. तरीही खाकी पिशवी खांद्याला लावून, पावसाळ्यात व्हाळावरचा डुगडुगता साकव ओलांडून तुम्ही यायचात, चपला खळ्यातच काढायचात, आजीने पुढे केलेले गूळ-पाणी घ्यायचात आणि मग पिशवीतून आंतरदेशीय पत्र काढून ते पडवीत बसून, शेजारच्या घरापर्यंत जाणार नाही इतक्याच आवाजात वाचायचात. त्या हळू आवाजाचे मोल मला पुढे मोठेपणी कळले. कोणाची मनिऑर्डर यायची थांबली, कोणाची निम्म्यावर आली, कोणाच्या मुलाने कर्ज काढले, हे सारे त्या वर्षी तुमच्या एकट्याच्या पिशवीत होते, आणि एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी तुमच्या तोंडून कधी गेली नाही. आमच्याकडे काहीच आलेले नसले तरी तुम्ही आमचे दार टाळून पुढे गेला नाहीत. पाणी प्यायला थांबायचात आणि आजीला सरळ सांगायचात की आज काही नाही. वाईट बातमी गोड करून सांगणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. तुम्ही तसे केले नाही, आणि म्हणूनच तुम्ही चांगले सांगितले की ते खरेच असते, असा आजीचा विश्वास होता.

उत्तर लिहायची वेळ आली की आजी तुमच्यासमोर मांडी घालून बसायची आणि बोलू लागायची. मला लिहिता येत होते, म्हणून दिवाळीच्या आधी एकदा तुम्ही पेन माझ्या हातात दिलेत आणि एकच अट घातलीत: ती बोलते तसे लिहायचे, आपले शहाणपण त्यात घालायचे नाही. शाळेत आम्हांला पत्रलेखनाचा पुस्तकी नमुना पाठ करायला लावीत; ‘इकडील सर्व क्षेम’ येथे सुरू होऊन ‘कळावे’ येथे संपणारा. तुम्ही तो बाजूला ठेवायला सांगितलात. त्या दिवशी आजीने सांगितलेले आणि मी लिहिलेले कार्ड वडिलांनी जपून ठेवले होते. त्यात असे आहे: ‘भात कापून झाला. तुझो झिल पेज खाता, पण भाकरेक नाक मुरडता. रव जरा, कोंबो भातार चढलो. हां, लिव पुढे.’ कोंबड्याचे वाक्य गाळावे की नाही म्हणून मी तुमच्याकडे पाहिले होते, आणि तुम्ही मान हलवून लिहायला सांगितले होते. संपाच्या त्या दिवसांत, घरात भाड्याची चिंता असताना, ते कार्ड वाचून वडील मोठ्याने हसले, असे आई अजून सांगते.

मी मुंबईला परतल्यावर लेखणी पुन्हा तुमच्याकडे गेली. आजी होती तोवर तिचे प्रत्येक पत्र तुमच्या किरट्या, डावीकडे झुकलेल्या अक्षरात आले आणि तरीही प्रत्येक शब्द तिचाच राहिला. तिचे रागावणे, मध्येच दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारणे, एक गोष्ट अर्धी टाकून तिसरीकडे वळणे, सगळे जसेच्या तसे. शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘लिहिणाऱ्याचा नमस्कार’ एवढेच तुमचे. आमच्याकडे आजीचे एकच छायाचित्र आहे आणि त्यात ती तोंड मिटून ताठ उभी आहे; ज्या बाईचे तोंड जन्मात कधी मिटले नाही, तिचे ते छायाचित्र घरातल्या कोणालाच खरे वाटत नाही. माझ्या मुलींनी तिला पाहिलेले नाही. त्या तिला पत्रांतून ओळखतात, आणि त्यांतली थोरली तर भाकरी नको असली की मुद्दाम आजीच्याच शब्दांत स्वतःला रागावून घेते.

मनिऑर्डरच्या पोचपावत्यांविषयीही सांगायला हवे. पैसे हातात दिल्यावर तुम्ही शाईची डबी काढायचात, आजीचा अंगठा स्वतः धरून नीट टेकवायचात आणि साक्षीदाराची सही घ्यायचात. शाई पसरू नये म्हणून तुम्ही घेत असलेली काळजी मला तेव्हा उगीच वाटे. ती पावती मुंबईला परत येई, आणि वडील ती तारेला टोचून ठेवण्याआधी उजेडात धरून पाहत. त्यांना पत्रापेक्षाही त्या अंगठ्याने अधिक धीर येत असावा, असा माझा तर्क आहे. त्यांना विचारले तर ते विषय बदलतात. पुढे २०१३ साली तारसेवा बंद झाली आणि थोड्याच काळात मनिऑर्डरची जुनी पद्धतही गेली. आता पैसे क्षणात पोहोचतात, आणि त्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही; संपाच्या वर्षी ही सोय असती तर आजीच्या कितीतरी दुपारी सुखाने गेल्या असत्या. पण पैसे पोहोचल्यावर दोन घटका बसून म्हाताऱ्या माणसाचे बोलणे ऐकून घेण्याची सोय त्यात नाही, आणि ती सोय खात्याची नव्हतीच, ती तुमची होती.

हे पत्र उघडे लिहितो आहे, कारण कोकणातल्या कितीतरी घरांत अशी दुसऱ्याच्या अक्षरातली पत्रे असणार आणि ती लिहून देणाऱ्यांची नावे कोठेही नोंदलेली नसणार. तुमचेही नाव मी येथे घालत नाही. ते तुम्हांला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

एक काम मात्र आहे. चतुर्थीच्या आधी आजीने तुमच्याकडून लिहून घेतलेल्या एका पत्रात माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, काय काय बांधायचे याची यादी आहे. नारळ, सुपारीचा घड, कवंडळे, हरणे इथपर्यंत वाचता येते आणि पुढच्या चार ओळींवर पाणी पडून शाई फुटली आहे. यंदा वडिलांना घेऊन आम्ही सगळे गावी येत आहोत आणि माटवी आजीच्या यादीप्रमाणे बांधावी असे त्यांच्या मनात आहे. चतुर्थीच्या दोन दिवस आधी ते पत्र घेऊन तुमच्या घरी येतो. अक्षर तुमचे आहे, तेव्हा ते तुम्हांलाच लागेल. आणि नाही लागले तरी आजीच्या घरच्या माटवीला काय असायचे, हे तुम्ही इतकी वर्षे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

वडिलांचा तुम्हांला नमस्कार. घरी सर्वांना आमचा नमस्कार सांगावा. लोभ आहे तो वाढावा, ही विनंती.

आपला,
वाडीतल्या चाकरमान्याचा मुलगा