कँटरची घाई न करणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ते इतरांनीही वाचावं असं मला वाटतं. गेले काही शनिवार रिंगणाकडेच्या बाकावर घोडेस्वारी शिकायला आलेल्या नव्या मुलांचे आईवडील बसलेले असतात. त्यांचं बोलणं कानावर पडतं. "इतके दिवस झाले, अजून दोरीला लावून गोल गोलच फिरवतायत." "दुसरीकडे महिनाभरात कँटर करून घेतात." "त्या मुलाला एक सांगतात आणि आमच्या मुलीला दुसरंच." (घोड्याची साधी चाल म्हणजे वॉक, दुडकी म्हणजे ट्रॉट आणि त्यापुढची धावती चाल म्हणजे कँटर.) तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता आणि पुढच्या घोड्याचा तंग तपासायला जाता. पण त्यांना जी उणीव वाटतेय, तिच्यामुळेच मी आज घोड्यावर बसते आहे. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत आणि नुसतं 'थँक यू सर' म्हणून ते मानले जाणार नाहीत.

मी तुमच्याकडे आले ती खांद्याजवळचं हाड मोडून बरं झाल्यावर. आधी जिथे शिकत होते तिथे दहाबारा घोडे एकामागोमाग चालायचे आणि मधे उभे राहिलेले शिक्षक ओरडून सूचना द्यायचे. "टाच खाली! हात खाली! वर बघा! पाठ सरळ!" यातली एकही सूचना चुकीची नव्हती. पण पहिली अमलात आणेपर्यंत चौथी यायची. टाच खाली दाबली की गुडघा आवळला जायचा, गुडघा आवळला की बैठक सॅडलवरून सुटायची, तोल सावरायला लगाम ओढला जायचा आणि घोडा मान वर फेकायचा. त्यावर पुन्हा ओरडा. अशाच गडबडीत एक दिवस पडले. का पडले, हे कोणी समजावून सांगितलं नाही. पुढच्या वेळी घट्ट धरा, एवढंच सांगितलं.

तुम्ही पहिल्या भेटीत घोडा दाखवलाच नाहीत. चहा मागवलात आणि विचारलंत, "मॅडम, पोहायला कशा शिकलात?" प्रश्न ऐकून मी गोंधळले, पण सांगितलं. मामाने विहिरीच्या पायरीवर बसवून पाणी माणसाला वर का ढकलतं ते सांगितलं होतं आणि ते पटल्यावरच मी पाठीचा डबा सोडला होता. "म्हणजे तुम्हाला आधी कारण लागतं. बरं." एवढंच बोललात. त्या दिवसापासून तुम्ही मला दिलेल्या प्रत्येक सूचनेमागे कारण होतं. मी स्वतः शाळेत गणित शिकवते, त्यामुळे त्या एका प्रश्नात किती काम झालं ते मला तिथल्या तिथे कळलं.

मग लंजची दोरी, म्हणजे मधे उभं राहून घोड्याला गोल फिरवायची लांब दोरी. लगाम नाही, रिकिबी नाहीत, मधे तुम्ही आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मैना घोडी. कारण तुम्ही सांगितलंत: हाताला धरायला काही मिळालं की तोल हातात जातो, आणि एकदा हातात गेलेला तोल पुढे वर्षानुवर्षं घोड्याच्या तोंडावर येतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये हेच चालतं. १५६५ सालापासून जिचा उल्लेख सापडतो त्या शाळेत आजही नव्या शिकाऊ स्वाराचे सुरुवातीचे महिने लंजवर जातात, लगाम आणि रिकिबी नसताना, आणि तेही चांगल्या मुरलेल्या घोड्यावर. जाणता घोडा नव्या स्वाराला शिकवतो आणि जाणता स्वार नव्या घोड्याला, असा तिथला दंडक. आपल्याकडे तिथल्यासारखे पांढरेशुभ्र लिपिझ्झानर जातीचे घोडे नाहीत. पण रेसमधून निवृत्त होऊन आलेली मैना आहे आणि तिला तुम्ही कितीतरी वर्षं खपून गुरुपदाला पोहोचवलं आहे.

एक सकाळ सांगते. तुम्ही मला डोळे मिटायला लावलेत, मैना वॉकमध्ये, आणि म्हणालात, "डावा मागचा पाय हवेत उचलला की 'आता' म्हणा." मी अंदाजाने म्हणत राहिले. तुम्ही चूक-बरोबर काहीच सांगितलं नाहीत, फक्त म्हणालात, "तिचं पोट कुठे झुलतंय?" थोड्या वेळाने जाणवलं: पोट उजवीकडे जातं तेव्हा माझं डावं बसायचं हाड किंचित खाली उतरतं. तोच क्षण होता. मी 'आता' म्हटलं आणि त्याच वेळी तुम्हीही 'आता' म्हणालात. पुन्हा. आणि पुन्हा. मग कारण सांगितलंत: पाय जमिनीवर टेकून वजन पेलत असतो तेव्हा त्याला काही सांगून उपयोग नसतो, उचलत असताना सांगितलं तरच तो लांब किंवा आडवा पडू शकतो. म्हणून टाचेचा इशारा तेव्हाच. आधीच्या ठिकाणी "टाच मारा" हे शेकडो वेळा ऐकलं होतं. कधी मारायची, हे त्या सकाळी समजलं.

हाफ-हॉल्ट तर आमच्या तुकडीला तुम्ही तीन तऱ्हांनी शिकवलात. क्षणभर घोड्याचं वजन मागच्या पायांवर आणायचं आणि चाल न मोडता पुढे जाऊ द्यायचं, हे ड्रेसाजमधलं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घेण्याच्या कलेतलं, रोजचं काम, आणि शब्दांत पकडायला सगळ्यात अवघड. मला तुम्ही वाळूत काठीने घोडा काढून दाखवलात: बैठक, पोटरी, बाहेरचा लगाम, आणि लगेच सैल. हा क्रम, आणि त्यातलं सैल करणं का महत्त्वाचं. दहावीतल्या मुलाला यातलं अक्षर सांगितलं नाहीत. त्याला म्हणालात, "ट्रॉटमधून वॉकला येतोयस असं तिला वाटू दे. ती येणार असं वाटलं की ट्रॉटच चालू ठेव." तो दोन फेऱ्यांत करून मोकळा झाला आणि आपण काय केलं हे त्याला आजही सांगता येणार नाही. आणि भजनी मंडळात पखवाज वाजवणारे आपले काका? त्यांना तुम्ही टापा मोठ्याने मोजायला लावल्यात आणि म्हणालात, "समेवर नका येऊ, समेच्या आधी हात तयार ठेवा." काकांचा चेहरा उजळला तो मी पाहिला आहे. तिघांची घोडी तीच, रिंगण तेच, आणि तिघांनाही त्याच सकाळी जमलं.

बाकावरच्या पालकांना वाटतं की यात एका मुलाला जास्त मिळतं आणि दुसऱ्याला कमी. उलट आहे. सगळ्यांना एकच वाक्य दिलं असतं तर ते आमच्यापैकी एकाच्या कामाचं ठरलं असतं.

आणखी एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून महत्त्वाची वाटते. आमच्या क्षेत्रात विद्यार्थ्यांचे कप्पे पाडायची फार हौस आहे: हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी, तो करून शिकणारा. २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीचा सविस्तर आढावा घेतला. कप्प्याप्रमाणे शिकवलं की मूल अधिक शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. तुम्ही तो आढावा वाचलेला नाही, पण तुम्ही कोणाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवत नाही. मला कारण लागतं हे ठाऊक असूनही लेग-यील्डच्या वेळी तुम्ही कारण दिलं नाहीत. "आज नाही, आज फक्त बघा," म्हणालात आणि स्वतः मैनेवर बसून ती तिरकी कशी सरकते ते दाखवत राहिलात. माझा डावा खांदा पुढे पडत होता आणि कितीही समजावलं तरी तो मागे गेला नसता. तुम्हाला पाहून गेला. तुमची पद्धत माणसाप्रमाणे बदलते, तशी विषयाप्रमाणे आणि त्या दिवसाप्रमाणेही. हे खरं कौशल्य, आणि ते फार थोड्यांकडे असतं.

वीस मीटरचं वर्तुळही असंच. माझं वर्तुळ अंड्यासारखं व्हायचं. मनगट कसं ठेवायचं, कंबर कुठे वळवायची असं काहीही न सांगता तुम्ही वर्तुळ जिथे जिथे कडेला टेकतं आणि मध्यरेषेला छेदतं तिथे थोडे आत शंकू ठेवलेत. "शंकूच्या बाहेरून जा आणि पुढचा शंकू आधीच शोधा." वर्तुळ गोल झालं. नंतर वाचनात आलं की शरीराच्या हालचाली कशा शिकल्या जातात याच्या संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगच्या सिम्युलेटरवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्यांना आपल्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं त्यांच्यापेक्षा पायाखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष द्यायला सांगितलेले लोक चांगलं शिकले. शरीराच्या अवयवाऐवजी हालचालीच्या परिणामाकडे लक्ष वळवलं की शरीर आपलं आपण जुळवून घेतं. त्या वर्षी तुम्ही घोडदळात होतात आणि तिथे सगळं हुकमावर चालायचं, हे तुम्हीच सांगितलं आहे. त्या शिस्तीतून निघून इथवर येणं सोपं नसणार.

हुकमाचीही जागा आहे, हे मी मानते. गेल्या पावसाळ्यात पत्रा उडाला आणि मैना उधळली तेव्हा तुम्ही एकच शब्द गरजलात, "बसा!" त्या क्षणी कारण ऐकायला कोणाला वेळ होता? मी बसले आणि ती थांबली. पण तुम्ही एरवी ओरडत नाही, म्हणूनच तो शब्द आत पोहोचला.

त्या बाकावरच्या पालकांच्या मुलीचं कँटर का थांबलंय, तेही सांगायला हवं. जर्मनीत घोड्याच्या तालमीच्या सहा पायऱ्या मानतात, आणि त्यांचं मूळ तिथल्या घोडदळाच्या १९१२ सालच्या नियमावलीपर्यंत जातं: चालीचा ताल, मोकळेपणा, लगामाशी स्थिर संपर्क, मागच्या पायांतून येणारा जोर, सरळपणा आणि शेवटी घोड्याने स्वतःला एकवटणं. पहिल्या दोन नसतील तर पुढच्या चार नुसत्या दिसण्यापुरत्या. स्वार ट्रॉटमध्ये आपटत असेल तर घोडी पाठ आक्रसते, ताल जातो, मोकळेपणा जातो. अशा मुलीला कँटरला घालणं म्हणजे घोडीला आक्रसून धावायला शिकवणं. कारण घोडीही शिकत असतेच, दर मिनिटाला. दाब दिल्यावर तिने काही केलं आणि दाब थांबला, तर ती तेच पुन्हा करते. दाब थांबलाच नाही तर ती शिकते की दाबाला अर्थ नाही, आणि मग लोक म्हणतात घोडा आळशी आहे. तुम्ही एकाच वेळी दोघींना शिकवत असता, वरच्या मुलीला आणि खालच्या मैनेला, आणि एकीची घाई दुसरीच्या अंगावर पडू देत नाही. मुलीच्या आईबाबांनी याबद्दल तुमचे आभार मानावेत असं मला वाटतं. ते मानतील तेव्हा मानतील, मी आज मानते.

२०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत भारताला १९८२ नंतर मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. हृदय मुंबईचा, म्हणून आपल्याकडे आनंद जरा जास्तच झाला. सगळे पेढे वाटत होते तेव्हा तुम्ही मोबाइलवर अनुषची स्वारी लावलीत आणि आवाज बंद करून आम्हा तिघांना विचारलंत, काय दिसलं? दहावीतला मुलगा म्हणाला, हात शांत आहेत. काका म्हणाले, ताल सुटत नाही. मी म्हटलं, कोपऱ्यात शिरायच्या आधीच घोडा तयार झालेला असतो. तुम्ही कोणाचंच उत्तर खोडलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मला हात शांत ठेवायचं काम दिलंत, मुलाला ताल मोजायचं आणि काकांना कोपरे. जे ज्याला दिसलं नव्हतं ते त्याला. एवढं बारीक लक्ष माझ्याकडे आजवर कुठल्याही शिक्षकाने दिलं नव्हतं, सर.

आता एक विनंती. एका मुलाला लंजवर अर्धा तास द्यायचा तर बाकीच्यांना ताटकळावं लागतं, आणि पालकांच्या तक्रारीतला तेवढा भाग खरा आहे. घोड्यांची निगा ठेवणारा सईस एकटा, तुम्ही एकटे. मला लंजची दोरी धरायला शिकवा. चाबूक कुठे रोखायचा, मैनेच्या कोणत्या भागाच्या रेषेत उभं राहायचं, दोरी हातात कशी घडी करून घ्यायची, सगळं पहिल्यापासून. कारणं सांगून शिकवा किंवा न सांगता, तुम्हाला योग्य वाटेल तसं. शनिवारी सकाळी साडेसहाला मी येऊ शकते, पहिल्या तुकडीच्या आधी.

आपली विद्यार्थिनी,
शनिवारच्या तुकडीतली, मैनेवरची