वकीलसाहेब, दादाला चारचौघांत घेऊन उभं राहिल्याबद्दल

वकीलसाहेब,

नाव कुठं टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून टाकत नाही, पण कोल्हापुरातल्या गंगावेशीत आणि कसबा बावड्याच्या कोर्टात तुम्हाला ओळखणारी माणसं हे वाचतील आणि त्यांना दोन ओळीत कळेल कुणाबद्दल लिहिलंय, त्याला माझा इलाज नाही. ऑफिसात येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे असू दे" म्हणता आणि पुढच्या पक्षकाराला आत बोलवता, त्यामुळं जे बोलायचं राहिलं ते सगळं इथं लिहितेय.

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीची ऑर्डर आली त्या रात्री त्यातलं एक वाक्य मी आईला परत परत वाचून दाखवलं, की दादाविरुद्धचे आरोप सिद्ध होत नाहीत आणि त्याच्यावरची बंदी उठवण्यात येत आहे. आईला बाकी काही कळलं नाही, तिनं फक्त विचारलं, म्हंजे आता तो दुकानात जाऊ शकतो ना? दादाच्या ऑफिसला ती पहिल्यापासून दुकानच म्हणते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादा राजारामपुरीत एका ब्रोकर कंपनीचा सब-ब्रोकर, म्हणजे तिच्या वतीनं शेअरची गिऱ्हाईकं सांभाळणारा, कागदोपत्री आता ऑथराइज्ड पर्सन म्हणतात पण आपल्याकडं सगळे सब-ब्रोकरच म्हणतात. एका बारक्या कंपनीचा शेअर काही लोकांनी आपापसातच घेऊन-विकून वर चढवला, टेलिग्रामवर टिप्स सोडल्या, साधी माणसं वरच्या भावात शिरली आणि मग ह्या लोकांनी माल विकून काढता पाय घेतला. पंप अँड डंप म्हणतात ते हेच. त्यात खरोखरच लोकांचे कष्टाचे पैसे गेलेत, सेबीनं ते पकडलं हे चांगलंच केलं, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण त्या लांबलचक यादीत दादाचंही नाव आलं, कारण काय, तर टोळीतल्या एकाच्या नातेवाइकाच्या गाळ्यात दादाचं ऑफिस भाड्यानं होतं, दर महिन्याला खात्यावर पैसे जात होते, भाड्यासाठी आणि गाळ्याच्या गळतीसाठी फोन होत होते, आणि दादाच्या दोन क्लायंटनी तो शेअर घेतलेला होता. झालं, दादा 'कनेक्टेड' ठरला, म्हणजे टोळीशी संबंध असलेला. डिमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं फ्रीज, बाजारात व्यवहार बंद, आणि हातात एवढा मोठा शो कॉज नोटिशीचा, म्हणजे 'तुमच्यावर कारवाई का करू नये' विचारणाऱ्या नोटिशीचा गठ्ठा.

वहिनीनं नोटिशीतलं कलम मोबाईलवर शोधलं, सेबी कायद्याचं 15एचए, दंड कमीत कमी 5 लाख आणि जास्तीत जास्त 25 कोटी किंवा कमावलेल्या नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. 25 कोटी! आमचं घर, वडिलांनी ठेवलेली कागलची शेती, सगळं विकलं तरी त्यातला कोपरासुद्धा भरत नाही. त्या रात्री आमच्याकडं कुणी जेवलं नाही.

आणि मग माणसं कळायला लागली. ज्या कंपनीसाठी दादानं इतकी वर्षं गिऱ्हाईकं जोडली तिनं एका ईमेलवर संबंध तोडले, फोन उचलायचं बंद. एका लोकल चॅनेलनं दादाचा फोटो लावून वर घोटाळेबाज असं लिहिलं, नोटीस आणि शिक्षा यात फरक असतो एवढंही बघितलं नाही. भाच्याला शाळेत पोरं हर्षद मेहता म्हणून चिडवायला लागली, 1992 ला ह्या पोरांचे आईबापसुद्धा शाळेत असतील पण नाव तेवढं सगळ्यांना पाठ. ज्यांच्या लग्नात दादा रात्रभर राबला ते लोक आमच्या गल्लीतून जाताना गाडीचा वेग वाढवायला लागले. आणि मुंबईतले ते पहिले सल्लागार, ज्यांना आम्ही मोडून आणलेले पैसे आगाऊ दिले, त्यांनी दादाला एकदाही विचारलं नाही की बाबा तू हे केलंस का? नोटीस चाळली आणि म्हणले, सेटलमेंटचा अर्ज टाकू, पैसे भरा आणि मोकळे व्हा. सेबीचे सेटलमेंटचे नियम आहेत, 2018 चे, त्यात गुन्हा कबूलही करावा लागत नाही आणि नाकारावाही लागत नाही हे मला नंतर तुमच्याकडूनच कळलं, आणि तुम्ही तो रस्ता वाईट आहे असंही म्हणला नाहीत. तुम्ही फक्त एवढंच म्हणलात की ज्यानं केलंच नाही त्याला आधी विचारायला तरी पाहिजे की त्याला काय पाहिजे. दादानं तुमच्याकडं बघितलं तेव्हा त्याचा चेहरा मला अजून आठवतो, इतक्या महिन्यात त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

तुम्ही आधी आमची भीती काढली. सांगितलंत की 25 कोटी ही कायद्यातली वरची हद्द आहे, तुमचं बिल नाही. तुरुंगाचं कलम वेगळं, 24 नंबरचं, त्यात 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे पण त्याला फौजदारी खटला स्पेशल कोर्टात चालवावा लागतो आणि तुमच्या हातातली नोटीस ती नव्हे. हे एवढं जर कुणी पहिल्या आठवड्यात आईला सांगितलं असतं तर तिची शुगर इतकी वर गेली नसती.

पण खोटा धीरही दिला नाहीत. मी म्हणलं साहेब, पुरावाच नाही तर सोडणारच ना, तर तुम्ही मला 2016 चा सुप्रीम कोर्टाचा किशोर अजमेरा केसचा निकाल समजावून सांगितलात, की इथं खुनाच्या खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, सगळी परिस्थिती एकत्र बघून जे जास्त शक्य वाटतं त्यावर निष्कर्ष काढता येतो. म्हणून आम्ही निर्दोष आहे एवढं म्हणून भागत नाही, शेअर खरेदी-विक्रीच्या एकेका ऑर्डरचा हिशेब द्यावा लागतो. आणि तो हिशेब तुम्ही खरंच केलात. 2022 च्या टाकानो केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तपास अहवालाचा संबंधित भाग नोटीस आलेल्याला द्यायला सांगितलंय, त्याच्या आधारानं आमच्याशी संबंधित भाग मागितलात, ऑर्डर लॉग म्हणजे कुठली ऑर्डर कुठून गेली त्याची नोंद मागितली आणि ते सगळे आकडे स्वतः बसून वाचलेत. त्या क्लायंटच्या ऑर्डर त्यांच्याच मोबाईल ॲपवरून गेल्या होत्या, दादाच्या टर्मिनलवरून एकही नाही, आणि ज्या सौद्यांनी भाव वर ढकलला त्यात त्या दोघांचा वाटा नावालाही नव्हता, हे सगळं त्या गठ्ठ्यातच पडून होतं. कुणी उघडून बघितलं नव्हतं एवढंच.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. भाडेकराराचं मधलं एक वर्ष रजिस्टर झालेलं नव्हतं, आणि आमच्या ओळखीतल्या एकानं सुचवलं की जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर मिळतो, करून टाकू. त्याला तुम्ही ऑफिसबाहेर काढलंत आणि आम्हाला म्हणलात, जे कागद आहेत तेवढ्यावर लढायचं, नवीन कागद जन्माला घालायचा नाही, व्हॉट्सॲपमधलं अक्षर पुसायचं नाही, यादीतल्या दुसऱ्या कुणाला फोन करायचा नाही. त्या वर्षाच्या बँकेतल्या एंट्र्याच तुम्ही समोर ठेवल्यात, वर्ष रजिस्टर नाही हे स्वतःहून लिहून दिलंत, आणि तेच मान्य झालं.

सुनावणी व्हिडिओवर झाली, ती सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे आणि तुम्हाला कदाचित आठवतही नसेल.

तेव्हा ऑर्डरचा पत्ता नव्हता, सगळं अजून अधांतरीच होतं. संध्याकाळी तुमच्याकडं कागदावर सह्या करायला आलो होतो. दादा तोंडाला मास्क लावून आलेला, आजारी म्हणून नाही, कुणी ओळखू नये म्हणून. दिवसा बाहेर पडायचंच त्यानं सोडलं होतं. सह्या झाल्या, तुम्ही चष्मा खिशात ठेवलात आणि म्हणलात, चला, दूध पिऊ. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर त्या वेळेला किती गर्दी असते हे कोल्हापूरकराला सांगायला नको, म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून पेले भरायचं चाललेलं, तालमीतली पोरं, पेन्शनर, सगळं गाव तिथं. दादा नको नको म्हणत होता. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात टाकलात आणि तसाच त्याला मधोमध घेऊन गेलात. मास्क काढा म्हणला नाहीत, पण धारोष्ण दुधाचा पेला हातात आल्यावर तो काढावाच लागतो. दादानं काढला. समोर नेमके त्याचे दोन जुने क्लायंट, त्यांची नजर तुमच्याकडं, मग दादाकडं. आणि तुम्ही, ज्यांना वकील म्हणून आख्खी पेठ ओळखते, तुम्ही मोठ्यानं म्हणलात, "हे आमचे मित्र. ह्यांना आणखी एक पेला भरा."

पक्षकार म्हणला नाहीत, मित्र म्हणलात. त्यातल्या एका क्लायंटनं मग दादाला विचारलं, काय चाललंय, बरे आहात का? दोन मिनिटं बोलले असतील, पावसाबद्दल आणि पंचगंगेच्या पाण्याबद्दल. घरी जाताना दादा गाडीवर मागं बसून रडत होता आणि मी आरशात बघून न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवसापासून तो मास्क न लावता भाजी आणायला जायला लागला. सेबीची ऑर्डर नंतर आली साहेब, पण माझा भाऊ मला त्या संध्याकाळीच परत मिळाला होता.

तुम्हाला असं वागायची काही गरज नव्हती. उद्या केस हरली असती तर लोक म्हणाले असते, बघा कुणाला मित्र म्हणत होते. एवढं नाव कमवायला तुमची हयात गेली, कोल्हापूरला हायकोर्टाचं खंडपीठ व्हावं म्हणून झालेल्या आंदोलनात तुम्ही तरुणपणापासून साखळी उपोषणाला बसलाय, आणि ते नाव तुम्ही एका नोटीस आलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवलंत. चांगली माणसं असतात हे मला माहीत होतं, पण चांगुलपणाला इतकी हिंमत लागते हे माहीत नव्हतं. मनात सहानुभूती तर बऱ्याच जणांच्या असेल, काहींनी नंतर तसं सांगितलंही की आम्हाला खात्री होती हो तुमच्या दादाची. मग तेव्हा एक फोन का नाही केला? मी राग धरत नाही, पण विसरतही नाही. संकटात असलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन दिवसाउजेडी उभं राहावं लागतं, मनातली खात्री त्याच्यापर्यंत पोचत नाही.

18 ऑगस्ट 2025 ला भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं की आता आपली केस इथंच येईल का, आणि तुम्ही हसून म्हणला होता, नाही ताई, सेबीच्या ऑर्डरवरचं अपील मुंबईला सॅटकडंच, म्हणजे त्यासाठीच्या वेगळ्या न्यायाधिकरणाकडं, 45 दिवसांच्या आत. त्याची आता आम्हाला गरज उरली नाही. पण यादीतल्या आणखी एका माणसाला, इचलकरंजीच्या त्या तरुण पोराला जो कुणाच्या तरी सांगण्यावरून खातं उघडून अडकलाय, त्याला तुम्ही परवा फी न घेता दोन तास दिलेत हे मला तुमच्या ज्युनियर ताईंकडून कळलं. त्या ताईंचेही आभार, रात्री साडेदहाला पीडीएफ जोडून पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, काळजी करू नका, झोपा.

दादानं नवीन ब्रोकरकडं अर्ज केलाय, बघू काय होतं. तोपर्यंत उद्यमनगरात एका फाउंड्रीचे हिशेब लिहितो. आईनं तुम्हाला आणि काकूंना गुरुवारी जेवायला बोलवलंय, गुरुवारी तुमचा उपवास असतो हे ती विसरलीय म्हणून शुक्रवारी या. आणि राहिलेल्या फीचा चेक दादा सोमवारी स्वतः घेऊन येतोय, "ऑर्डर लागू दे मग बघू" म्हणून तुम्ही दोनदा परत पाठवलाय. आता ऑर्डर लागली, ह्या वेळी ठेवून घ्या.

तुमची,
नोटीसवाल्या दादाची बहीण