बैलगाडीचा फोटो छापलात, जेटीचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत हर्णैच्या मासळी लिलावावरचा लेख वाचला. लेखकाने मनापासून लिहिलंय, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते सोबत छापलेल्या मोठ्या फोटोबद्दल. पाण्यात उतरलेली बैलगाडी, मागे सुवर्णदुर्ग, वर मावळतीचं ऊन आणि खाली ओळ : ‘इथे काळ थांबला आहे’. महोदय, ही शोभा नव्हे. बंदरावर बोट लावायला धक्का नसला की जे करावं लागतं, त्याचा हा फोटो आहे.

बोटी बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात. मासळी तिथून छोट्या होडीत, होडीतून गाडीत, गाडीतून वाळूवर. बर्फ, डिझेल, प्यायचं पाणी बोटीवर न्यायचं तेही याच वाटेने, उलटं. बैलांच्या पोटाला खारं पाणी लागेपर्यंत गाडी आत घालावी लागते. हाकणाऱ्याच्या पायांना पडलेल्या भेगा त्या फोटोत दिसत नाहीत. एवढी चढउतार होईस्तोवर बर्फ निम्मा वितळतो. मग व्यापारी सुरमईचा कल्ला उचलून बघतो, पोटावर अंगठा दाबतो आणि भाव पाडतो. त्याला तरी काय बोलणार? मासळी खरंच मऊ पडलेली असते. रात्रंदिवस दर्यात राहून आणलेल्या मालाची किंमत शेवटच्या पाव मैलात उतरते.

जेटीच्या घोषणा आणि पाहण्या तुमच्याच अंकांतून सगळ्यांनी वाचल्यात, त्या मी उगाळत नाही. पण धक्का नसणं म्हणजे नुसती गैरसोय, असं कुणी समजू नये, म्हणून आमच्या घरचं सांगते.

2019 च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, क्यार वादळ आलं. वारा फिरला की हर्णैसमोर उभ्या बोटींना आसरा नाही. सगळ्यांनी नांगर उचलून आंजर्ल्याच्या खाडीची वाट धरली. माझ्या थोरल्या दिरांची बोट त्यात होती. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, त्यात ओहोटी लागलेली आणि मागून लाटा. थांबून भरतीची वाट बघावी तर बाहेर वारा उभं राहू देईना. त्यांनी बोट आत घातली आणि ती वाळूत बसली. सुकाणू मोडलं, बोट लाटांना आडवी झाली. खलाशी शेजारच्या बोटीवर उड्या मारून वाचले, ही देवाची कृपा. दीर सगळ्यांत शेवटी उतरले. घरी आले तेव्हा बोटीचा परवाना आणि खलाशांची ओळखपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी कमरेला बांधलेली होती. तेवढंच काय ते कोरडं राहिलं. जाळी गेली, इंजिनात खारं पाणी शिरलं, तळाच्या फळ्या उकलल्या.

पुढे पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी दिरांना विचारलं, ‘‘ओहोटी होती ना? मग बोट इकडे आणलीतच कशाला?’’

दीर काही बोलले नाहीत. मी मागे उभी होते, माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. आज विचारते : मग न्यायची कुठे? आमच्या बंदरात लाटा अडवणारा बांध असता, तर भर वाऱ्यात गाळाच्या तोंडात बोट घालायची हौस कुणाला होती? ज्या माणसाने स्वतःची बोट चालवली, तो पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. आमच्या सासूबाईंनी तेव्हापासून बंदरावर पाय ठेवलेला नाही.

2025 साली मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला. आम्हाला आनंद झाला, पेढेही वाटले. पण शेतकऱ्याला निदान बांधावर उभं राहून माल गाडीत भरता येतो. आम्हाला उभं राहायला कोरडी जागा कधी मिळणार? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तो नियम आम्ही पाळतो आणि पाळलाच पाहिजे. पण 1 ऑगस्टला बंदी उठली तरी दर्या खवळलेला असेल तर उघड्या बंदरातून बोट काढता येत नाही. कागदावर सुरू झालेला हंगाम आमच्यासाठी सुरू होतच नाही.

आणि लिलावाला बसणाऱ्या बायका? लेखात त्यांच्या घासाघिशीचं फार कौतुक आहे. त्या ओल्या वाळूत बसतात, डोक्यावर छप्पर नाही. बाईमाणसाला आडोशाला जायची सोय नाही, म्हणून दुपारपासून पाणी पीत नाहीत. लेखकाने एकीला जरी विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

पर्यटकांनी जरूर यावं, त्यांच्यावर आमचीही चार घरं चालतात. माझी विनंती एवढीच की तुमच्या वार्ताहराला एकदा ओहोटीच्या वेळी आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी पाठवा आणि तो फोटो पुरवणीत नको, पहिल्या पानावर छापा, कालच्याएवढाच मोठा.

जाता जाता आणखी एक. तुमच्या जिल्हा पानावर पूर्वी खाली भरती-ओहोटीच्या वेळा येत. त्या जाऊन तिथे आता जाहिरात असते. मोबाईलवर सगळं मिळतं हे मलाही ठाऊक आहे, पण माझ्या सासऱ्यांच्या वयाची माणसं अजून पेपर उघडून आधी तो कोपरा बघतात. त्या वेळा पुन्हा सुरू कराव्यात.

आपली,
मच्छीमार कुटुंबातील एक वाचक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी