कागद रोज बदलतोय

सातारा,
विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी

चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.

मनगटाला प्लास्टर घातलंय हे अवीकडून कळलं, तुझ्याकडून नाही. त्या रात्री फोनवर मी जे बोललो ते जास्तच झालं. तुझी आई दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. म्हणून हे पत्र. कड्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

झाडं दाबून वाळवायच्या तुझ्या प्रेसमधले कागद रोज बदलतोय. हवा इतकी दमट की सकाळी घातलेली रद्दी संध्याकाळपर्यंत गार लागते, म्हणून आधी कागदावर इस्त्री फिरवून घेतो. स्पिरिटच्या बाटल्या कपाटात कुलपात आहेत. मामा येऊन गेला होता.

प्रेसमधलं एक कंदीलपुष्प भिंगाखाली पाहिलं. खाली फुगीर, मग नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. नळीतले केस खाली वळलेले असतात, म्हणून आत गेलेल्या माशीला परत येता येत नाही, केस कोमेजले की ती सुटते, हे तूच सांगितलं होतंस. आईला सांगितलं तर म्हणाली, आपली पोरगी तसलीच माशी आहे.

तीस वर्षं मी बामणोलीच्या गाडीवर तिकिटं फाडली. कासवरून किती फेऱ्या झाल्या याचा हिशोब नाही. वायतुरा डबक्यांत उभा असायचा, मी त्याला गवत समजायचो. शास्त्रीय नावातच सातारा असलेली वनस्पती, आणि सातारकर कंडक्टरला पत्ता नाही! 2012 साली पठार जागतिक वारशात गेलं, तेव्हा कुठे गाडीतली माणसं खिडकीतून बाहेर बघायला लागली. आणि एक कबूल करतो. गुरं राखायला जायचो तेव्हा खर्पुडीचे, म्हणजे तुझ्या या कंदीलपुष्पाचेच, कंद आम्ही उकरून खाल्लेत. कच्चेच. तू आता जी शोधत फिरतेस, तिची चार-दोन तरी आमच्या पोटात गेली असतील. आमच्यातला बापू तर हातानेच उकरायचा.

बापूचं मी काढणार नव्हतो. पण त्या दिवशीही कातळ ओलाच होता, रेवती. पायात चांगले बूट असले म्हणून शेवाळ ऐकत नाही. एकटीने उतरायचं नाही, दोर वर कुणाच्या तरी हातात असल्याशिवाय तर नाहीच. फूल पावसातच येतं, आणि फुलाच्या आतला भाग पाहिल्याशिवाय जात ठरत नाही, पानांवरून सगळ्या सारख्याच दिसतात, हे तू मला दहादा समजावलंयस. मला कळतं. पण पाऊस पुढच्या वर्षीही पडणारच आहे.

झालंच पुन्हा भाषण. माफ कर.

तू पुण्याला जाऊन बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममधले, वाळवलेली झाडं चिकटवलेले जुने कागद पाहून आलीस, तेव्हा म्हणालीस, 'नाना, चिठ्ठीवर नुसतं गावाचं नाव आहे, कुठला डोंगर ते नाहीच.' कुकसाहेबाचा फ्लोरा, म्हणजे इकडच्या झाडांचा ग्रंथ, 1901 ते 1908 या काळात निघाला. त्यातल्या दोन ओळींवरून माझी पोरगी पाटणच्या सड्यांवर, त्या कातळाच्या पठारांवर, फिरते आणि शंभर वर्षांत कुणी न पाहिलेलं झाड पुन्हा हुडकते, हे मला स्टँडवरच्या चहावाल्याला सांगावंसं वाटतं. सांगितलं नाही. ठिकाण कळलं की लोक उपटून नेतात, म्हणालीस ना. त्याला एवढंच म्हटलं, पोरगी कामात आहे. फुलं जुळली, सरांनीही मान्य केलं, असं सांगताना तुझा आवाज कापत होता. मला वाटलं आनंदाने. तेव्हा हात मोडलेला होता हे नंतर कळलं.

पुढच्या वेळी आधी हाताचं सांग, मग फुलाचं.

आत्याने डिंकाचे लाडू दिलेत, अवीबरोबर पाठवतो. डाव्या हाताने लिहायचा हट्ट करू नकोस, नोंदी कुणाला तरी सांगून लिहून घे.

काल सात नंबरच्या कागदातलं एक फूल देठापासून सुटलं. माझा हात लागला बहुतेक. टाकलं नाही. कोऱ्या कागदाची पुडी करून त्यात ठेवलंय, वर सात नंबर आणि तारीख घातलीय, आणि पुडी त्याच कागदात ठेवलीय.

तुझे,
नाना